अलॉय चाकं घातल्यापासून मागचं बेअरिंग दोनदा गेलं. दोन बेअरिंगच्या मधला पाइप कसा मोजायचा?

पंचगंगाकाठ, कोल्हापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची बुलेट ३५०. पाच महिन्यांपूर्वी आऱ्यांची चाकं काढून बाहेरची अलॉय घातली. कारण ट्यूब. फोंडा घाटात दोनदा पंक्चर झालं, दोन्ही वेळा मागचं चाक, दोन्ही वेळा बायको आणि सामान सोबत. दुसऱ्यांदा तर अंधारात टॉर्च दातात धरून चाक खोललं. तेव्हाच ठरवलं, आता ट्यूबलेस.

नवी चाकं बेअरिंग ठोकूनच आली होती. दुकानातच बसवून दिली. डावीकडची कॉलर, म्हणजे एक्सलवर चाकाच्या बाहेर बसणारी कडी, जरा कमी पडत होती, तिथं त्यांनी दोन वायसर टाकले. गाडी सुरुवातीला छान चालली. १८०० किलोमीटरला मागून घर्रर आवाज यायला लागला. खोललं तर स्प्रॉकेटच्या बाजूचं बेअरिंग गेलेलं. दुकानदार म्हणाले, एखादा नग खराब निघतो. दुसरं मी आणून दिलं, त्यांनी बसवून दिलं, मजुरीही घेतली नाही.

दुसरं ११०० ला गेलं. वैभववाडीहून करूळ घाट चढताना गाडी ओढ घेईना, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. गगनबावड्याच्या स्टँडपाशी थांबलो. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावला तर चटका बसला. जळक्या ग्रीसचा वास, आणि एक्सलच्या कडेनं तपकिरी ओघळ आलेला. तिथून ५५ किलोमीटर गाडी छोट्या हत्तीत घालून घरी आणली.

तिसरं बेअरिंग आणून ठेवलंय, पण घालायला हात धजत नाही. अजून भारी कंपनीचं घेऊ? आत जास्त ढिलाई असलेलं सी३ घेऊ? की परत आऱ्यांची चाकं चढवू? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

माळरान, सोलापूर

आधी चेन बघा. चेन ताठ ठेवली की स्प्रॉकेटच्या बाजूचं बेअरिंग हमखास जातं. गाडीवर माणूस बसवून चेनचा झोल मोजा, रिकाम्या गाडीचं माप फसवं असतं.

रानवारा, पुणे

बनावट बेअरिंगचाही संशय घ्या. खोकं अगदी खऱ्यासारखं असतं. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पक्कं बिल मागा.

पंचगंगाकाठ

@माळरान, चेन मी स्वतः बघतो. माणूस बसवूनच मोजली, बोटभर झोल आहे. @रानवारा, दुसरं बेअरिंग अधिकृत विक्रेत्याचंच होतं, बिल आहे.

लेथमास्तर, कोल्हापूर

भावा, बेअरिंगला दोष देऊ नकोस. दोन वेगळ्या ठिकाणची दोन बेअरिंगं एकाच जागी जातात, म्हणजे जागा चुकीची आहे. ४१ वर्षं शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा होतो, असली चाकं पुष्कळ बघितली.

तीन गोष्टी कर आणि इथं लिही.

चेन उतरव, गाडी डबल स्टँडवर घे. एक्सलचा नट हातानं बसेल एवढाच ठेवून चाक फिरव. मग नट नेहमीसारखा आवळ आणि परत तेवढ्याच जोरानं फिरव. काय फरक पडतो?

चाक काढलंस की एक्सलच्या भोकात करंगळी घाल. दोन बेअरिंगच्या मधे पाइप लागेल. तो खुळखुळ हलतो का, की जाम आहे?

गेलेलं बेअरिंग टाकून दिलं नसशील तर फोड. जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यावर चष्मा लावून. आतल्या रिंगवर छर्‍यांचा पट्टा मधोमध पडलाय की एका कडेला, ते बघ.

पंचगंगाकाठ

मास्तर, केलं सगळं. जुनं, मोकळं फिरणारं एक बेअरिंग तात्पुरतं घालून बघितलं.

नट ढिला असताना एका झटक्यात चाक अकरा फेरे फिरलं. नट आवळल्यावर दीड फेऱ्यात थांबलं. ब्रेकची तार सोडून परत केलं, तरी तेच. पाइप खुळखुळतो, करंगळीनं सहज पुढे-मागे होतो.

आणि बेअरिंग फोडलं. आतली रिंग निळसर पडली आहे. खोबणीचा मधला भाग अजून आरशासारखा चकचकीत, आणि छर्‍यांचा पट्टा पार कडेला चढलाय. तिथं नख फिरवलं तर खरखरीत लागतं. फोटो टाकलाय.

लेथमास्तर

मग झालं निदान. तुझा मधला पाइप आखूड आहे.

समजून घे. एक्सल म्हणजे दोरा, आणि त्यात मणी ओवलेत. एका टोकाला स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, मग बाहेरची कॉलर, बेअरिंगची आतली रिंग, मधला पाइप, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग, दुसरी कॉलर, परत स्विंगआर्म. नट आवळलास की ही सगळी माळ एक घट्ट दांडा झाली पाहिजे. सगळा जोर मण्यातून मण्यात सरळ गेला पाहिजे. यातलं काही फिरत नाही. फिरतो तो हब, बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगांसकट.

आता मधला मणी आखूड असला तर? नट आवळताना आतल्या दोन्ही रिंगा एकमेकींकडे ओढल्या जाणार. बाहेरच्या रिंगा हबच्या स्टेपवर, म्हणजे भोकातल्या पायरीवर, टेकलेल्या, त्या जागच्या हलत नाहीत. मग सगळा ताण छर्‍यांवर. छर्रे खोबणीच्या कडेवर चढतात, गरम होतात, ग्रीस जळतं. तू फोटोत दाखवलास तो पट्टा हीच खूण.

आऱ्यांच्या हबचा मूळ पाइप त्या हबच्या मापाचा होता. नव्या हबची स्टेप वेगळ्या जागी असली तर तो पाइप तिथं चालत नाही, एक्सलवर कितीही छान सरकू दे. नवा पाइप बरोबर आला असेल तर तोही मोजल्याशिवाय घालायचा नाही.

चिंचबन, लातूर

मास्तर, मी डिप्लोमाला आहे. बेअरिंगच्या नंबरवरून माप कसं ओळखायचं तेही सांगाल का?

मापाडी, चाकण

मी सांगते, रोजचं काम आहे.

शेवटचे दोन आकडे भोकाचे. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे त्या आकड्याला ५ नं गुणायचं, म्हणजे ०४ चं भोक २० मिमी. आधीचे ६२ किंवा ६३ म्हणजे मालिका. ६२०३ चं बाहेरचं माप ४०, रुंदी १२. ६३०३ चं भोक तेच १७, पण बाहेरून ४७ आणि रुंदी १४. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. आपल्या पावसात चाकाला रबरी सीलच हवं.

सी३ म्हणजे आत जरा जास्त ढिलाई. २० मिमी भोकाच्या साध्या बेअरिंगमध्ये रेडियल ढिलाई ५ ते २० मायक्रॉन असते, सी३ मध्ये १३ ते २८. म्हणजे सी३ घालून मिळतात ते आठ-दहा मायक्रॉन. पाइप अर्धा मिलीमीटर आखूड असेल तर त्यात ५०० मायक्रॉन कमी पडताहेत. त्यामुळे @पंचगंगाकाठ, सी३ नं तुमचा प्रश्न सुटणार नाही. बेअरिंग थोडं उशिरा जाईल, एवढंच.

पंचगंगाकाठ

ताई, हे आधी कळलं असतं तर दुसरं बेअरिंग वाचलं असतं. आता मोजायचं कसं? माझ्याकडे साधा व्हर्निअर आहे, मागची पट्टी बाहेर येते तो.

लेथमास्तर

तेवढा पुरे. हब आधी लख्ख पुसून घे. दोन्ही बेअरिंगं काढ. हबच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतची पूर्ण रुंदी घे. मग व्हर्निअरची मागची पट्टी डाव्या तोंडातून स्टेपपर्यंत सोड, ती खोली लिही. उजवीकडूनही तसंच. पूर्ण रुंदीतून दोन्ही खोल्या वजा कर. उरेल ते स्टेप ते स्टेप अंतर.

प्रत्येक माप तीन ठिकाणी घे, घड्याळातल्या १२, ४ आणि ८ च्या जागी. स्टेपवर रंगाचा किंवा ओतकामाचा कण असला तर माप खोटं येतं. पाइपही तीन ठिकाणी मोज. त्याची टोकं काटकोनात नसतील तर लांबी बरोबर असूनही रिंग वाकडी दाबली जाते.

पंचगंगाकाठ

ही घ्या मापं, सगळी मिलीमीटरमध्ये.

पूर्ण रुंदी १२६.४०. डावी खोली १८.३५, उजवी १६.२०. स्टेप ते स्टेप ९१.८५.

पाइप एका बाजूनं ९१.४०, पाइप फिरवून समोरच्या बाजूनं ९१.२८.

म्हणजे कमीत कमी ०.४५ आखूड, आणि वर टोक तिरकं. पाइपही पातळ आहे, भिंत जेमतेम दीड मिलीमीटर. दुकानातून फोन आला होता. ते म्हणाले, पाइपच्या टोकाला अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा कापून घाला.

मापाडी

पत्रा घालू नका. खाली कारण देते, थोडं गणित आहे पण वाचा.

समजा एक्सलचा नट १६ मिमीच्या आट्यांचा आहे आणि तो ७० न्यूटन-मीटरला आवळला. साध्या, कोरड्या आट्या धरल्या तर एक्सलमध्ये सुमारे २२,००० न्यूटन ओढ तयार होते. म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. एवढा भार तो छोटासा पाइप टोकावर सोसतो. त्यात कापलेला पत्रा घातला की तो चुरगळतो, सरकतो, आणि काही दिवसांत नट ढिला पडतो.

दुसरं, एवढ्या भाराखाली पोलादी पाइपसुद्धा आक्रसतो. १०० मिमी लांब आणि १९० चौरस मिमी छेदाचा पोलादी पाइप धरा. तो सुमारे ०.०६ मिमीनं आखूड होतो. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच्या तिप्पट, ०.१७ च्या आसपास. तुमच्या पाइपची भिंत दीड मिलीमीटर, म्हणजे छेद याहून कमी आणि आक्रसणं याहून जास्त.

तिसरं, उष्णता. हब ॲल्युमिनियमचा, पाइप पोलादाचा. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. घाटात ब्रेक मारून हब ५० अंशांनी तापला तर ९२ मिमीच्या अंतरात हब पाइपपेक्षा ०.०५ मिमी जास्त वाढतो. म्हणजे थंड असताना जेमतेम बरोबर असलेला पाइप गरम झाल्यावर आखूड ठरतो.

म्हणून पाइप स्टेप ते स्टेप अंतराच्या बरोबरीचा नाही, त्याहून किंचित लांब करायचा.

गोदागॅरेज, नाशिक

ताई, इथं माझा विरोध आहे. १६ वर्षं गॅरेज चालवतो. पाइप हबपेक्षा लांब केला तर दुसरं बेअरिंग स्टेपवर टेकणारच नाही. मग चाक एक्सलवर डुलेल. लांब पाइपची चाकं माझ्याकडे डुगडुगत आली आहेत, कल्पना करून बोलत नाही.

लेथमास्तर

गोदा, तुझं बघणं खरं आहे. ती चाकं किती लांब पाइपाची होती? मिलीमीटर-दीड मिलीमीटर असणार. तेवढ्यानं बेअरिंग अर्धवट बाहेर राहतं, त्याला अडवणारी कडी, म्हणजे सर्कलिप, बसत नाही, चाक डुलणारच. आपण बोलतोय ते एका मिलीमीटरच्या दहाव्या भागाबद्दल.

बसवायची रीत अशी. एक बेअरिंग पूर्ण आत, बाहेरची रिंग स्टेपवर टेकेपर्यंत. कोणत्या बाजूचं आधी, ते सर्व्हिस पुस्तकात असतं. नसेल तर सर्कलिपच्या बाजूचं आधी. हे बेअरिंग हबला जागेवर धरतं. मग पाइप टाकायचा. मग दुसरं बेअरिंग ठोकत आणायचं, आणि त्याची आतली रिंग पाइपला टेकली की थांबायचं. तिथं बाहेरच्या रिंगेमागे कागदाएवढी फट राहते. राहू दे. ती फट हवीच आहे. दुसरं बेअरिंग हबमध्ये घट्ट बसल्यामुळे आडवं हलत नाही.

लोक चुकतात ते इथं. आवाज बदलला तरी हातोडा चालूच ठेवतात, दुसऱ्या बेअरिंगलाही स्टेपपर्यंत नेतात. मग बाहेरची रिंग आत गेली आणि आतली पाइपवर अडली. बेअरिंग उलट्या बाजूनं ताणलं गेलं. लांबी बरोबर असून बेअरिंग गेलं, की माणूस म्हणतो पाइप चुकला.

गोदागॅरेज

हे पटलं, मास्तर. एका बेअरिंगनं हब धरायचा आणि दुसऱ्यानं पाइपला टेकायचं, असा विचार मी केला नव्हता. आम्ही दोन्ही स्टेपला भिडवत आलो. पण मग हबमधली बैठक ढिली असेल तर? बेअरिंग हातानंच आत जात असेल तर?

लेथमास्तर

मग त्या हबात ही रीत चालणार नाही. तसला हब पाठवणाऱ्याला परत करायचा. बेअरिंग हातानं आत-बाहेर होतं, बाहेरची रिंग हबमध्ये फिरून भोक घासून गुळगुळीत झालंय, अशा हबला पंच मारून टोचे पाडू नका. चार टोच्यांवर चाक फिरवणं बरं नव्हे. हब थोडाच ढिला असेल तर बेअरिंग चिकटवायचं द्रव येतं ते चालतं, जास्त असेल तर भोक मोठं करून बूश बसवावा लागतो. चाकाच्या बाबतीत मी नवा हबच घ्यायला सांगेन.

सह्यसखी, सातारा

माझ्या चाकाला स्प्रॉकेटच्या ड्रममध्ये अजून एक बेअरिंग आहे. त्याचंही असंच असतं का?

लेथमास्तर

हो. ज्या गाडीत रबरांचा ड्रम वेगळा असतो तिथं बऱ्याचदा तिसरं बेअरिंग असतं, आणि त्याच्या आणि हबच्या बेअरिंगच्या मधे एक छोटा बूश. तोही माळेतला मणीच. अलॉय बदलताना हा बूश जुन्या हबमध्ये राहून जातो, असं मी तीनदा बघितलंय. नसला तर नट आवळला की ड्रम हबवर घासतो. जुना हब फेकण्याआधी आत बोट घालून बघा.

पंचगंगाकाठ

आज मास्तरांना प्रत्यक्ष भेटलो. निवृत्त झालेत, पण त्यांच्या पुतण्याच्या लेथवर रोज दोन तास असतात. धाग्यावर लिहितात तसंच बोलतात, कमी आणि नेमकं.

ईएन-८ पोलादाचा गोल बार घेतला, मधून भोक पाडलं. भिंत साडेतीन मिलीमीटर ठेवली. बाहेरचं माप ठरवताना त्यांनी नवं बेअरिंग हातात घेतलं आणि दाखवलं की पाइपाची कड फक्त आतल्या रिंगवर टेकली पाहिजे, सीलला किंवा बाहेरच्या रिंगला शिवता कामा नये. एक तोंड फेस केलं, म्हणजे सपाट कापलं, कड मारली. मग पाइप फिरवून धरताना लेथचे जबडे (जॉ) आणि पाइप यांच्यामध्ये तांब्याची पट्टी घातली, डायल लावून पाइप सरळ फिरतोय का ते बघितलं आणि दुसरं तोंड घेतलं. शेवटचा कट इतका बारीक की बुरा केसासारखा निघत होता. दर कटानंतर पाइप गार होईपर्यंत मास्तर थांबायचे आणि मगच मायक्रोमीटर लावायचे. गरम पाइप लांब दाखवतो, म्हणाले.

शेवटचं माप ९१.९५. तिन्ही जागी. म्हणजे स्टेप ते स्टेपपेक्षा ०.१० जास्त.

पुतण्यानं साडेतीनशे रुपये घेतले. दोन बेअरिंगं आणि ती छोट्या हत्तीची फेरी यांत माझे याच्या किती तरी पट गेले होते.

मापाडी

फार छान झालं. बेअरिंग बसवताना ठोकाठोकी कमी करता येते. हब ओव्हनमध्ये किंवा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर शंभर अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. ४७ मिमीचं भोक ७५ अंशांनी तापलं की ०.०८ मिमीनं मोठं होतं. बेअरिंग जवळजवळ आपोआप जाऊन बसतं. बेअरिंगला मात्र ज्योत लावू नका, सील आणि ग्रीस दोन्ही जातात. ठोकायचंच झालं तर बाहेरच्या रिंगेवर, तेवढ्याच मापाच्या सॉकेटनं किंवा जुन्या बेअरिंगनं. आतल्या रिंगेवर एक जरी ठोका बसला तरी तो छर्‍यांतून जातो आणि खोबणीत टिकल्या पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला जाणवतात.

माळरान

आणि ते दोन वायसर?

पंचगंगाकाठ

बरं झालं आठवण केलीत. बाहेरच्या कॉलरचा विषय वेगळा निघाला. आतला पाइप बेअरिंग सांभाळतो, बाहेरच्या कॉलर चाक कुठं उभं राहायचं ते ठरवतात. माझे दोन वायसर काढले तर चाक डाव्या अंगाला तीन मिलीमीटर गेलं. म्हणजे तिथं तीन मिलीमीटर जास्तीची एकसंध कॉलर हवी होती.

मास्तरांनी दोरा लावून दाखवलं. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर लांब दोरा ओढून पुढच्या चाकापर्यंत न्यायचा. पुढचा टायर मागच्याहून बारीक असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून सारखी फट राहिली पाहिजे. स्विंगआर्मवरच्या चेनच्या खुणांवर विसंबून राहू नका. माझ्या गाडीवर डावी-उजवी खूण सारखी ठेवली की चाक तिरकं येतं. मग पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी लावून चेनची रेष बघितली. तीही आता सरळ आहे.

नवी कॉलर आतल्या बाजूला फक्त आतल्या रिंगवर टेकते. जुन्या वायसरचा बाहेरचा घेर मोठा होता, सीलवर घासल्याची गोल खूण पडली आहे. म्हणजे पाण्याला वाटही मिळाली होती.

श्टुटगार्टकर

धागा आवडीनं वाचतोय. मी जर्मनीत आहे, मूळचा मिरजेचा. इथं बाहेरची चाकं घालायची तर त्या चाकाचं त्या मॉडेलसाठीचं तपासणीचं प्रमाणपत्र हवं, आणि बरेचदा टीयूव्हीसारख्या संस्थेच्या तपासनिसाला गाडी दाखवून कागदपत्रांत नोंद करावी लागते. नाहीतर गाडीचा परवानाच रद्द ठरू शकतो. त्यामुळे इथं चाकाबरोबर पाइप, कॉलर आणि त्यांच्या जागा दाखवणारं चित्र येतं. आपल्याकडे चाक विकत घेताना हे चित्र मागायला हवं. विकणाऱ्याकडे नसेल तर पाइप मोजलाच गेला नसेल, असं समजावं.

रानवारा

मी विम्याच्या दाव्यांचं काम करते, म्हणून एक मुद्दा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे. रिमचा व्यास, टायरचं माप बदलण्याआधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. अलॉयवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १६१९२ हा मानक क्रमांक आहे का तेही बघा. अपघातानंतर हे सगळं बघायची वेळ येऊ देऊ नका.

पंचगंगाकाठ

धन्यवाद ताई. माझ्या रिमचा व्यास आणि टायरचं माप मूळचंच आहे. तरी विमा कंपनीला मेल टाकतो.

काल चाक बसवलं. हब उकळत्या पाण्यावर तापवला, पहिलं बेअरिंग फ्रीजरमधून काढून ठेवलं आणि ते टप् असा आवाज करत खाली बसलं. दुसऱ्याला सॉकेटनं चार हलके ठोके. पाइप जड हलायला लागला तसा थांबलो. नट सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळला. चेन उतरवून, ब्रेक मोकळा करून चाक फिरवलं. नट ढिला असताना नऊ फेरे, आवळल्यावरही नऊ. नव्या सीलचा जडपणा आहे, तो जाईल.

लेथमास्तर

नऊ आणि नऊ. बास. ५०० किलोमीटरला नट एकदा तपास. प्रत्येक मोठ्या फेरीनंतर हबला तळहात लावत जा.

पंचगंगाकाठ (सहा महिन्यांनंतर)

धागा वर आणतोय. ६४०० किलोमीटर झाले, त्यात अख्खा पावसाळा. टायर बदलताना चाक उतरवलं होतं म्हणून बेअरिंग बोटावर फिरवून बघितलं. आवाज नाही, खरखर नाही. सील किंचित उचलून पाहिलं, ग्रीस मूळच्या रंगाचं आहे.

गेल्या रविवारी वैभववाडीहून परत करूळ घाट चढलो. बायको मागे, दोन्ही बॅगा भरलेल्या. गगनबावड्याच्या स्टँडपाशी त्याच जागी गाडी लावली आणि मागच्या हबवर तळहात ठेवला. कोमट होता. तसाच हात ठेवून मिनिटभर उभा राहिलो.

आता पुढचं चाक. तेही त्याच दुकानातून आलेलं, म्हणून मोजलं. स्टेप ते स्टेप आणि पाइप यांत ०.२० चा फरक आहे, पाइपच आखूड. बेअरिंग अजून गेलेलं नाही. मास्तर, जुन्याहून ०.३० नं लांब नवा पाइप सांगू का पुतण्याला?

लेथमास्तर

फोनवर सांगू नको. शनिवारी सकाळी हबच घेऊन ये, बेअरिंगं काढून. आधी मी मोजतो.